नवा प्लेअर घेतला, ताई

ता. ९, मंगळवार

ती. ताईंना नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिना चढू नका, सून आहे घरात, तिला सांगत जा.

पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलायचं तर आमची खोली एकच, आणि हे डोळे मिटून पडले असले तरी कान जागे असतात. म्हणून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले आहे. कागदाला वास येईल तो बुटांचे तळ चिकटवायच्या गोंदाचा. कितीही हात धुतले तरी जात नाही.

मागे तुम्ही म्हणालात, जुना डीव्हीडी प्लेअर ढकलत राहा, नवा घ्यायची घाई करू नका. मीही तेच ठरवलं होतं. पण तो मेला शेवटी हटूनच बसला. आधी चित्र मधेच थिजायचं, बोलणाऱ्या माणसाचा चेहरा चौकोनी तुकडे होऊन लोंबायचा. मी डिस्क पुसून पाहिल्या, झाकणावर चापट्या मारल्या. मग एका सकाळी डिस्क आत घेईना आणि घेतलेली बाहेर सोडीना.

हल्ली सगळं फोनवरच दिसतं, हे तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. पण लिफ्ट दुरुस्त करताना पडल्यापासून यांचा उजवा हातच तेवढा थोडा हलतो, आणि त्याचीही बोटं वळलेली. फोनच्या काचेला यांचं बोट कळतच नाही. जुन्या रिमोटची बटणं रबराची, चांगली फुगीर होती. पेरं टेकवलं की दाबली जायची. हे बघायचं, हे नको, पुढे चल, एवढंच यांना दिवसभरात कोणाला न विचारता करता येत होतं. बाकी कूस बदलायची तरी माझी नाहीतर शेजारच्या काकूंची वाट बघायची.

दुकानात गेले. दुकानदाराने जुना उघडून बघितला आणि म्हणाला, “वहिनी, याची लेन्स गेली. आता मिळत नाही.” मग त्याने दोन दाखवले. एक वापरलेला, आपल्या जुन्यासारखाच, पण किती टिकेल याची हमी नाही. दुसरा नवा कोरा. त्याच्यात आपल्या डिस्क चालतात, नव्याही चालतात, आणि चित्र असं की नटाच्या दाढीचे खुंट मोजावेत. त्याचा रिमोट मात्र सपाट, बटणं तांदळाएवढी. मी तिथेच बोटं आत वळवून पेरांनी दाबून बघायला लागले. दुकानदार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने आतल्या खोक्यात हात घालून एक मोठ्या बटणांचा रिमोट शोधून काढला आणि म्हणाला, “हा चालेल याला. याचे पैसे नकोत.”

पण प्लेअरचे तर होतेच. माझ्याकडे होते ते हवेच्या गादीचे. पाठीवरची जखम भरत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली ती गादी. विचार करून सांगते म्हणाले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

त्यानंतरचे दिवस, ताई, खरं सांगू का, सुरुवातीला फार चांगले गेले. घर शांत. हे माझ्याशी बोलायला लागले. आमच्या मुकादमाची मी नक्कल केली तर हसले, खोकला येईपर्यंत हसले. मला वाटलं, उगाच इतके दिवस त्या यंत्राची बडबड ऐकत बसलो. नकोच तो प्लेअर, गादीच घेऊ.

मग गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी यांना भरवत होते. हे म्हणाले, “प्लेअरही नको आणि गादीही नको. पैसे तुझ्याजवळ राहू दे.”

मी म्हटलं, “का?”

“तू दोन दिवस ताईकडे जाऊन ये. किती वर्षांत गेली नाहीस. काकूंना माझ्याकडे बघू नका म्हणून सांग, मी बघतो माझं. जाताना झोपेच्या गोळ्यांची बाटली तेवढी उशाशी ठेव. झाकण सैल करून ठेव.”

आवाज अगदी साधा होता. बाजारातून काहीतरी आणायला सांगावं तसा. मी पुढचा घास यांच्या ओठांशी नेला. यांनी तोंड उघडलं नाही. मी ताट उचललं आणि नळाखाली धरून बराच वेळ घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. गोळ्या काकूंच्या कपाटात ठेवल्या, दुकानात गेले आणि नवा प्लेअर घेऊन आले. गादीचे पैसे त्यात गेले. तुम्ही रागवाल, रागवा. पण ती शांतता पुन्हा घरात नको होती मला. ती असली की हे बोलणार, आणि काय बोलणार ते मला आता ठाऊक आहे.

लावून दिला. हे बघत राहिले. “चित्र स्वच्छ आहे,” म्हणाले, आणि मान भिंतीकडे वळवली. रिमोट हाताखालीच ठेवला आहे, मोठ्या बटणांचा. अजून एकदाही दाबलेला नाही. सकाळी मीच सिनेमा लावून निघते. संध्याकाळी जाते तेव्हा तो कधीच संपलेला असतो आणि डिस्क लावल्यावर पहिल्यांदा दिसते त्या पाटीवरचं तेवढंच संगीत पुन्हा पुन्हा वाजत असतं. काकू म्हणतात, दुपारपासून वाजतंय, बंद करू का विचारलं तर डोळे मिटून घेतात.

एवढं लिहूनही जे लिहायचं ते राहिलंच आहे. सुट्टी संपायची घंटा झाली, म्हणून आता लिहून टाकते. यांनी बाटली मागितली तेव्हा मी घाबरले, हे खरं. पण त्याच्याआधी, अगदी एक क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. नळाखाली ताट धरून मी तुमच्या घरी यायला कोणती साडी नेसायची याचा विचार करत होते, ताई. खरंच करत होते. मग भानावर आले.

तुम्ही यांना लहानाचं मोठं केलंत. तुमच्यापुढे यांचं तोंड उघडतं. गुडघे दुखत असतील, तरी या. उलट पत्र पाठवू नका, फोनवर समजूत घालू नका. या आणि काही दिवस राहा. हे पुन्हा मागतील, आणि दर वेळी नाही म्हणायला मी एकटी पुरी पडेन असं मला वाटत नाही.

तुमच्या भावाची,
अजून तरी त्याच्याजवळ असलेली,
बायको