आबांच्या फियाटची टकटक

शिरूर,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

श्रीमत् अखिलभीमातीरमंडलविभूषण, रेल्वेवसाहतसाम्राज्ञी, चकली-शंकरपाळी-अनारसे-विद्यापारंगत, कनिष्ठबंधुकर्णपीडनप्रवीण, पोपटरावहृदयसिंहासनाधिष्ठित, तीर्थस्वरूप सौ. अंजनाअक्का यांच्या चरणारविंदी, घोडनदीतटनिवासी, माध्यमिक विद्यालयात संस्कृत शिकवून बालकांच्या निद्रेस साहाय्य करणारा, कैलासवासी आबांच्या फियाट मोटारीचा एकमेव वारस व सेवक हौशीराम याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कशाला, असे तू विचारशीलच. फोनवर तू ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि संभाषण परिपूर्ण होते. पत्रात खोटे बोलण्यास किमान ऐसपैस जागा मिळते.

खंडेनवमीस तू येऊन गेलीस. तुझी भावजय माया गेल्यापासून या घरात पूजेचे तबक कोणी हाती धरले नव्हते. ते शोधण्यातच तुझा अर्धा मुहूर्त गेला. नवनाथच्या गॅरेजात मस्तक (नवनाथच्या भाषेत ‘हेड’) उतरवून ठेवलेल्या त्या इंजिनास तू हळदकुंकू वाहिलेस, मुक्तहस्ते अक्षता उधळल्यास, आणि ‘सुखानं चाल गं बाई’ असे म्हणालीस. नवनाथ काही बोलू पाहत होता. तुझ्या भक्तीपुढे त्याने ओठ मिटले. दसऱ्यास प्रातःकाळी मस्तक बसवताना मात्र त्याने हळूच विचारले, की सर, खालचं ऑइलचं चेंबर एकदा परत खोलून बघू का. मी त्यास निक्षून सांगितले, की पूजित यंत्र विजयादशमीस खोलणे शास्त्रास मान्य नाही. कोणत्या शास्त्रास, ते त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

इंजिन गर्जना करून उठले. परंतु दोनतीन दिवसांतच त्याच्या उदरातून टकटक असा ध्वनी येऊ लागला. ऑइलचा तांबडा दिवा विझावयास तयार नाही. नवनाथ म्हणतो, गाडी हलवू नका, मला खोलू द्या. ज्या मनुष्याने एक इंजिन बांधण्यास अवघे वर्ष घेतले, त्याच्या हाती ते पुन्हा देणे म्हणजे पुढच्या दिवाळीची निश्चिती. (हे वर्ष मला जड गेले, असे मात्र नाही. संध्याकाळ नावाच्या प्रहराचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या गॅरेजातील मोडक्या खुर्चीने परस्पर सोडवला.)

आणि थांबण्यास वेळ नाही. दाजी निवृत्त होतात. डिसेंबरात क्वार्टर रेल्वेस परत जाणार आणि तुम्ही नागपुरास भाचेबुवा रोहिदासकडे. म्हणजे दौंडातील ही अखेरची भाऊबीज. ती मी आबांच्या मोटारीतूनच येऊन साजरी करीन, हा माझा पण आहे.

दाजींना नमस्कार सांगावा. लोभाची टाकी भरलेली असावी, ही प्रार्थना.

तुझा
हौशीराम


दौंड,
१३ ऑक्टोबर

चि. हौशीरामास अंजनाअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या ओळी मला कळल्या न्हाईत, ह्यांनाही कळल्या न्हाईत. शेजारच्या सारिकाला दाखवल्या तर ती म्हणाली, काकू, कोर्टाची नोटीस हाय का?

हे म्हणतात, ऑइलचा दिवा पेटलेला असताना गाडी पळवायची म्हंजी अंगात ताप असताना रानात कामाला जायचं. ह्यांचा जन्म रेल्वेच्या इंजिनात गेलाय, तेवढं तरी ऐक. भाऊबीजेला एसटीनं ये. आबांची गाडी काय पळून चालली न्हाई. इतकी वर्षं निमोण्याच्या गोठ्यात कडब्याखाली होतीच की.

त्या तांबड्या दिव्याचं वाचून मला आबा आठवले. गावाला निघायच्या आधी ते गाडीत बसून ब्रेक दाबायचे आन् मला मागं उभं करायचे. लाल लागला का गं, म्हणून ओरडायचे. मी लागला म्हणून बोंबलायची. एकदा मी चिंचा खाता खाता न बघताच लागला म्हणाले, तवा खाली उतरून कान धरला होता माझा. मी नांदायला गेल्यावर ती ड्युटी तुझ्याकडं आली, आन् पुढं मायाकडं. मायाचा आवाज केवढा बारीक. तुला ऐकू जायचा न्हाई, मग ती डिकीवर थाप मारायची.

इथं खोकी बांधायचं चाललंय. भिंतीवरचं एकेक काढलं की मागं पांढरा चौकोन राहतोय. बघवत न्हाई.

नवनाथशी भांडू नको. माणूस चांगला हाय, आन् तुला दुसरं हाय तरी कोण संध्याकाळचं? जेवत जा वेळेवर. माझी माया हाय तशीच हाय, तू तब्येत ठेव.

तुझी
अक्का


शिरूर,
दि. २७ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अक्कास पराभूत, धूलिधूसरित व धूम्रव्याप्त हौशीरामाचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेस मी का पोहोचलो नाही, हे तुला फोनवर सांगितले ते असे, की किरकोळ बिघाड आहे, येतोच आहे. ते सत्य नव्हते.

सकाळी धोतर, कोट, पेढ्यांची पेटी व तुझी पैठणी घेऊन प्रस्थान ठेवले. निमोणे गाठेपर्यंत टकटकीचे ठोक्यांत रूपांतर झाले. गावाच्या वेशीवर आतून असा आवाज आला, की कोणी लोखंडी पलंग जिन्यावरून सोडून द्यावा. आणि मोटार थांबली ती थांबलीच. आपला जुना गोठा तेथून दिसत होता. ज्या गोठ्यातून तिला मी वर्षापूर्वी वाजतगाजत बाहेर काढली, त्याच्याच दृष्टिपथात तिने देह ठेवला.

दौंडाकडे जाणारी एसटी समोरून गेली. वाहकाने हात करून विचारलेसुद्धा. मी नको म्हणालो. आबांच्या मोटारीतून येतो म्हणून सांगितलेले, आणि एसटीतून पिशवी घेऊन उतरायचे, हे मनास मानवेना. आता लिहिताना यात मला काही तेज दिसत नाही, तेव्हा दिसले. म्हणून दिवसभर मोटारीतच बसलो. येणारेजाणारे काचेतून डोकावत. एका म्हाताऱ्याने विचारले, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, कोणाचीही नाही. तो म्हणाला, मग बसा निवांत.

तिन्हीसांजेस लोकांनी ढकलून तिला गोठ्यात लावली. मी टेम्पोतून शिरुरास परतलो तो थेट गॅरेजात. तेथे चार गिऱ्हाइकांदेखत नवनाथास मी यंत्रहंता म्हणालो, विश्वासघातकी म्हणालो, आणि ज्याचा अर्थ त्यास ठाऊक नाही असेही पुष्कळ बोललो. त्याने फडक्यास हात पुसले, मोटारीची दुसरी किल्ली माझ्यापुढे ठेवली, आणि एवढेच म्हणाला, की सर, तुमचं खरं आहे.

पैठणी माझ्यापाशी आहे. पेढे मी खाल्ले. जमल्यास क्षमेसहित लोभ ठेवावा.

हौशीराम


दौंड,
२ नोव्हेंबर

चि. हौशीरामास आशीर्वाद.

मी पाट मांडून ठेवला होता. भोवती रांगोळी काढली होती. तू येतोच म्हणालास म्हणून कुणी जेवलं न्हाई. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मला म्हणाले, पाय मोकळे करायला गेलो होतो.

अंधारून आल्यावर मी अंगणात गेले आन् चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ न्हाई त्या ओवाळतात तसं. बारकीच कोर होती, सारिकाच्या पत्र्याआड जाईल म्हणून घाई करावी लागली. ह्या क्वार्टरात एवढ्या भाऊबिजा झाल्या, पण हे कधी केलं नव्हतं.

मी चिडले न्हाई. पण गाडीत बसून राहिलास, हे काय खरं न्हाई. मला आबांची गाडी नको होती रे.

हे म्हणतात, दुसऱ्या मिस्त्रीकडून आधी खालचं चेंबर खोलून बघ. आन् नवनाथला असं चारचौघांत बोलायला नको होतं.

अक्का


शिरूर,
दि. २० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप अक्कास सा. न. वि. वि.

दाजींची आज्ञा शिरसावंद्य मानून मोटार निमोण्याहून ओढत आणवली व दुसऱ्या मिस्त्रीकडून चेंबर खोलवले. त्यातील ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. ती गच्च बुजलेली होती. ऑइल वर चढेना, म्हणून बेअरिंगा कोरड्या घासून मेल्या. जाळी कशाने बुजली, हे पाहण्यास मिस्त्रीने बोट घातले, वास घेतला आणि विचारले, की इंजिनात पुलाव केला होता का.

अक्का, त्या अक्षता होत्या. काळ्याशार, फुगलेल्या, एक झेंडूची पाकळीही होती.

तू रडू नयेस, म्हणून तातडीने शास्त्रार्थ सांगतो. दोष आशीर्वादाचा नाही. मस्तक उघडे टाकून आशीर्वाद घेण्यास जो यजमान उभा राहिला, आणि नंतर चेंबर खोलू देईना, त्याचा आहे.

मी तसाच नवनाथकडे गेलो. शटर बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितले, की तो रांजणगावास कंपनीत लागला. रोजच्या शिव्या खाण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, असे म्हणत होता. त्यास फोन केला. मी मनात मोठे क्षमास्तोत्र रचले होते. प्रत्यक्षात ‘नवनाथ, चुकलो’ एवढेच निघाले. तो म्हणाला, दिसल्या तेवढ्या अक्षता त्याने दसऱ्याच्या पहाटे चिमट्याने वेचल्या होत्या; काही राहिल्या असतील अशी शंका होती. मग तेव्हाच स्पष्ट का बोलला नाहीस, असे विचारले. तर म्हणाला, ताई इतक्या मनापासून टाकत होत्या, तुमच्या घरात किती दिवसांनी कोणी आलं होतं, त्यांना काय सांगायचं की तुमच्या अक्षतांनी इंजिन बसंल म्हणून? आणि भाऊबीजेच्या रात्री? तेव्हा म्हणे मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो. सुट्टी पडली की येतो, असे म्हणाला आहे. कंपनीत सुट्टी पडते कधी, हे मला माहीत नाही.

सायंकाळी शाळा सुटली की पाय आपोआप गॅरेजाकडे वळतात. शटरापर्यंत जातो आणि जणू पुढेच काही काम होते असा, थेट नदीच्या पुलापर्यंत जाऊन परततो. तेथेही काम नसते.

नव्या मिस्त्रीचे काम चोख आहे. त्याच्याकडे खुर्ची मात्र नाही.

अक्षता रॉकेलने धुऊन मायाच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या आहेत. फेकून देणे जमले नाही.

जशी असेल तशी माया असू द्यावी.

हौशीराम


दौंड,
५ डिसेंबर

चि. हौशीरामास अ. उ. आ.

आधी हसले, मग रडले. हे म्हणाले एक काहीतरी कर.

माझ्याच हातानं झालं म्हणायचं. आन् बोलणी त्या नवनाथनं खाल्ली. त्याला माझा नमस्कार कळव. त्याच्यासाठी लाडवाचा डबा भरून ठेवलाय.

आम्ही चौदा तारखेच्या गाडीनं निघतोय. सामान पुढं गेलं. भांडीकुंडी गेली, पाट गेला. तबक तेवढं मी मागं ठेवलंय. एसटीनं ये, गाडीनं ये, चालत ये. ओवाळायचं राहिलंय.

अक्का


शिरूर,
दि. २८ डिसेंबर

तीर्थस्वरूप अक्कास सा. न. वि. वि.

या खेपेस उपाध्या लिहीत नाही. नागपुरात तुझे राज्य कोठवर पसरले, हे अद्याप कळलेले नाही.

त्या दिवशी फाटकापाशी मोटार थांबवली, तेव्हा टकटक नव्हती, हे तुझ्या ध्यानात आले की नाही? तू इंजिनाकडे पाहिलेच नाहीस. ‘वाळलास रे’ म्हणालीस. रिकाम्या खोलीत पाट नाही म्हणून वर्तमानपत्रावर बसवून ओवाळलेस; खोली इतकी मोकळी होती, की तुझ्या बांगड्यांचा आवाज फिरून परत येत होता. पैठणी तू तिथेच साडीवर गुंडाळून पाहिलीस. दाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

नंतर स्टेशनापर्यंत तू आबांच्या जागेशेजारी बसलीस. ते अंतर इतके अल्प निघाले, की मी वसाहतीस एक निष्कारण प्रदक्षिणा घातली. दाजींना गाडी चुकेल अशी भीती वाटत होती. तुला कळले होते.

तुमची गाडी हलली. सिग्नल पुन्हा लाल होईपर्यंत मी फलाटावर होतो. मग तिकीट नसल्याचे आठवून बाहेर आलो.

मोटार शिरुरापर्यंत एकदाही अडखळली नाही. घराशी येऊन इंजिन बंद केले, आणि काही वेळ वाटले, की अजून थोडे टकटकले असते तरी चालले असते. नवनाथच्या लाडवांचा डबा कपाटात आहे. सुट्टी पडलेली नाही. लाडू टिकाऊ आहेत, असे तूच म्हणाली होतीस.

दाजींना नमस्कार, रोहिदासास आशीर्वाद. लोभ एवढ्या अंतरावरून पोहोचतो की नाही, ते उलट टपाली कळवावे.

तुझा
हौशीराम

ता. क. – एक क्षुल्लक तक्रार. परतताना निमोण्यापाशी एका टेम्पोवाल्याने बरोबरीस येऊन ओरडून सांगितले, की काका, ब्रेकचा लाइट लागत न्हाई. नवा बल्ब आणून बसवला. आता तो लागतो की नाही, हे समजण्यास मार्ग नाही. पेडलवर पाय ठेवला, की मागे कोणी नसते. मागे जाऊन उभा राहिलो, की पेडलवर पाय नसतो. काल दोनदा चपळाईने उतरून धावत गेलो, परंतु दिवा माझ्याहून चपळ आहे. पेडलवर वीट ठेवून पाहिली, ती घसरते. विटेहून काही बरे सुचल्यास कळवावे.