दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

५ मार्च, गुरुवार.
क्लबाच्या मागच्या खोलीत आज पुन्हा क्लिफर्डशी वाजलं. नियम साधा आहे. दर गुरुवारी एक जुनी रॉकची एलपी रेकॉर्ड, मध्ये कुणी बोलायचं नाही, गाणं संपलं की हात वर करून मत द्यायचं. खणखणीत, नाहीतर भरीचं, म्हणजे नुसती जागा भरायला घातलेलं. आजच्या बारांपैकी पाच मी भरीची ठरवली. क्लिफर्ड म्हणाला, मेव्हिस, गाणं जरा हळू झालं की तुझ्या लेखी मेलंच. मी म्हटलं, हळू गाण्यात घडतं काय? बासरी आहे म्हणे, कुठे आहे? चाळीस वर्षं टपाल वाटून ह्याला संगीत कळायला लागलं!

९ मार्च.
माझ्या लेकीला, गेलला, फोनवर पुटपुटायची सवय. तरी एवढं कळलं की माझ्यासाठी कानाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली आहे. माझे कान ठणठणीत आहेत. लायब्ररीतल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, रेकॉर्ड झिजली की आधी बारीक आवाज जातात. रॉदरहॅम गावातल्या सगळ्या रेकॉर्डी झिजल्यात, दुसरं काही नाही.

१२ मार्च.
आज सात भरीची. क्लबातली एनिड म्हणाली, अगं, शेवटच्यात व्हायोलिन किती गोड होतं. वयामुळे तिला भास होतात.
२६ तारखेला माझ्या नवऱ्याची, विकची, एलपी लागणार. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या बँडची ही एकुलती एक, १९७४ची. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं त्याचं एकट्याचं. गिटार आणि तो. त्याचा आवाज जगात तेवढाच उरलाय. क्लिफर्ड म्हणाला, नवऱ्याचं आहे म्हणून सवलत नाही हां. सवलत मागतंय कोण? ते भरीचं ठरलं तर मी त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही.
जानेवारीत घरी लावून पाहिलं होतं. सुई खराब असणार. उगाच झीज नको म्हणून पुन्हा लावलं नाही.

१६ मार्च.
डॉक्टरकडे निघाले होते. रस्ता ओलांडताना एका बाईनं दंड धरून मागे खेचलं. बस अगदी नाकासमोरून गेली. या नव्या बस मेल्या आवाजच करत नाहीत. ड्रायव्हरचं तोंड मात्र चांगलं वासलेलं होतं. तशीच घरी परतले. एप्रिलमध्ये जाईन.

२१ मार्च.
किटली जळाली. शिट्टी वाजलीच नाही. हल्लीचा माल. धुराचा अलार्मही बिघडलेला. शेजारचा डेरेक दार ढकलून आत आला आणि छताकडे बोट दाखवत राहिला. स्वयंपाकघरातल्या पाटीवर खडूनं लिहून दिलं त्यानं, अलार्म रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येतोय म्हणून. भलताच नाटकी माणूस.

२५ मार्च.
नवी सुई घेतली, क्लबात देऊन आले. ते गाणं खणखणीत का, याची तीन कारणं कागदावर लिहून पाठ केली. क्लिफर्डची बोलती बंद होणार.

२७ मार्च, सकाळी.
काल पहिली बाजू झकास झाली. ड्रम तर छातीत वाजत होते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संपलं. मग क्लिफर्ड नुसताच उभा. खोली गप्प. मी वाट पाहिली. बरीच पाहिली. शेवटी म्हटलं, क्लिफर्ड, सुई ठेव की, किती अंत बघशील! कुणी वळलं नाही. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. तेव्हा एनिडनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. क्लिफर्डचे ओठ हलले. मेव्हिस, वाजतंय.
सुई तबकडीवरच होती. हळूहळू मधल्या लेबलाकडे सरकत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, ती उचलली जाईपर्यंत.
खणखणीत म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. क्लिफर्डचासुद्धा.
माझा खालीच राहिला. न ऐकलेल्या गाण्याला मत देता येत नाही.