तुमच्या नावातली वेलांटी

बाबा, तुमचं छपाईचं हातमशीन मी अक्षरांच्या खिळ्यांसकट परभणीला माझ्या घरी आणलंय. वालूरला दादाच्या किराणा दुकानामागं पत्र्याची खोली आहे, तिथं ते बारदान्याखाली एकोणीस वर्षं पडून होतं. तुम्ही गेल्यावर मानवतचं घर मोडलं, तेव्हा भंगारात घालायचा जीव होईना म्हणून दादा ते घेऊन गेला होता. मी मागितलं तर म्हणाला, "ने की. पर करणार काय तू त्याचं?" तहसीलमधली नोकरी संपून तीन वर्षं झाली, तुमचे जावई गेले त्याला चार. लेक बेंगळुरूला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस घरात कुणी बोलत नाही. हे दादाला काय सांगायचं?

मशीन बैठकीतल्या टेबलावर ठेवलं आणि मला छापखानाच दिसायला लागला. मी दहा वर्षांची आहे, दुपारी तुमचा भाकरीचा डबा घेऊन आले आहे. तुम्ही खिळ्यांच्या उतरत्या खणांपुढं उभे आहात, नजर कागदावर आणि हात आपोआप त्या त्या खणात जातोय. मी माझ्या नावातलं पहिलं अक्षर उचलून कंपासपेटीत टाकते. संध्याकाळी तुम्हाला ते सापडतं. तुम्ही ओरडत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेआधी मला छापखान्यात नेता, तो खिळा माझ्याच हातानं त्याच्या खणात ठेवायला लावता आणि म्हणता, "इवलासा हाय म्हणून काय झालं? ह्याच्यावाचून कुणाचं तरी नाव अडतंय." रस्ताभर माझं बोट धरून होतात, पण एक शब्द बोलला नाहीत. मला ते फार लागलं होतं.

पुढं ऑफसेट आलं, छापखाना बंद झाला आणि मालकांनी हे छोटं हातमशीन आणि खिळ्यांचे चार खण तुम्हाला दिले. घरी बसून तुम्ही बारशाच्या, वास्तुशांतीच्या, विहारातल्या कार्यक्रमांच्या पत्रिका छापायचात. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझ्या नावाची शंभर कार्डं छापून दिलीत, खाली 'कनिष्ठ लिपिक'. कनिष्ठ लिपिकाला कार्ड कशाला लागतं? हसतील म्हणून मी एकही कुणाला दिलं नाही. तुम्ही विचारलंत, "संपली का गं?" मी हो म्हणाले.

मशीनचं मला काहीच येत नव्हतं. मोबाइलवर बघून बघून शिकले. गंज रॉकेलनं काढला, त्यात पंधरा दिवस गेले. रोलर तर नव्हतेच, नुसत्या लोखंडी दांड्या. सरस आणि गुळाचे असायचे ते, उंदरांनी कधीच खाल्ले. दाब द्यायचा वरचा दांडा जाम झाला होता. मी अधीर झाले आणि हातोडी मारली. दांडा हलला नाही, ज्या कानात तो बसतो त्या कानालाच तडा गेला. मी तिथंच फरशीवर बसून रडले. एवढी वर्षं उंदरांनी, गंजानं जे मोडलं नाही ते मी एका घावात मोडलं होतं.

रिक्षात घालून ते लेथवाल्याकडं नेलं. त्यानं तड्यावरून अंगठा फिरवला. "ताई, बीड हाय हे, ओतीव लोखंड. बिडाला हाणायचं नसतंय. तेल पाजायचं, गरम करायचं अन् वाट बघायची."

"आता काय होईल का?"

"पितळाचा टाका मारतो. दिसंल मातर." मग थांबून म्हणाला, "कुणाचं हाय?"

"वडिलांचं."

"हायेत का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं मशीन उचलून आत नेलं. आठ दिवसांनी मशीन मिळालं. काळ्या बिडावर पिवळी रेघ, आणि दांड्यांवर रबर चढवून केलेले नवे रोलर. तुम्हाला ते रोलर आवडले नसते, पण शाई धरतात.

पहिली ओळ जुळवायला मला अख्खी दुपार लागली. छापली तर अक्षरं सरळ, पण ओळ उजवीकडून डावीकडं गेलेली. खिळे उलटे धरून जुळवायचे असतात हे मी तुमच्याकडं हजारदा पाहिलं असेल, आणि तरी चुकले. एकटीच हसले. मग घरात तो हसण्याचा आवाज कसातरी वाटला आणि मी रेडिओ लावला.

आता हे कशासाठी ते सांगते. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिका आम्ही परभणीला ऑफसेटवर छापून घेतल्या होत्या. रंगीत, तुमच्या फोटोसकट. गठ्ठा घरी आल्यावर सोडला आणि मला दिसलं की तुमच्या नावातली वेलांटी चुकली आहे. दीर्घ हवी तिथं ऱ्हस्व. आयुष्यभर गावाच्या वेलांट्या सांभाळणाऱ्या माणसाच्या शेवटच्या पत्रिकेवर. कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मी काही बोलले नाही. पाथरीपासून सेलूपर्यंत सगळ्यांना तीच पत्रिका गेली. त्यानंतर कुणाच्याही घरी भिंतीवरच्या खिळ्याला पत्रिका टोचलेली दिसली की मी नजर वळवायची.

म्हणून मी तीच पत्रिका पुन्हा जुळवली. मजकूर तोच. तुमच्या खणांत दीर्घ वेलांट्या थोड्याच उरल्या होत्या, त्यातली सगळ्यात कमी झिजलेली तुमच्या नावाला लावली. एकवीस पत्रिका छापल्या, त्यातली एक बरी आली.

ती घेऊन मी वालूरला गेले. सेलूपर्यंत एस.टी. आणि पुढं जीप. दादा गल्ल्यावर बसला होता. त्यानं चष्मा लावला, पत्रिका लांब धरून पुरती वाचली. "तूच छापलीस? झकास झाली की गं. बाबांच्या हातची वाटायलीय."

"नाव बघ."

"बघितलं की."

"वेलांटी. तवाच्या पत्रिकेत चुकली होती. आता बरोबर केली."

त्यानं पुन्हा पाहिलं. आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. "चुकली हुती का? मला तर न्हाई दिसली. कुणी म्हणलंबी न्हाई." वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनाही विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. दादानं पत्रिका हिशोबाच्या वहीत नीट घालून ठेवली आणि तुरीच्या भावाचं बोलायला लागला.

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की साऱ्या जिल्ह्यानं ती चूक पाहिली आहे आणि माझ्याकडं बघून गप्प आहेत. कुणी पाहिलीच नव्हती. ज्याला पहिल्या नजरेत दिसली असती तो माणूस पत्रिकेतच होता. हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, उलट त्या चुकीत माझ्यासोबत जे सगळे होते असं मी धरून चालले होते, तेही उठून गेले.

हा कागद घडी करून मी खिळ्यांच्या खणाखाली ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं ठेवू? फक्त एक राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की प्रूफ तपासताना गडबडीत माझी नजर चुकली. तसं नाही, बाबा. छापखान्यातल्या माणसानं प्रूफ माझ्यापुढं ठेवलं, म्हणाला, नीट बघून घ्या. वर 'कालकथित' लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढं तुमचं नाव येणार होतं. मी तो कागद वाचलाच नाही. खाली सही केली आणि बाहेर आले.