दादाची जेली

सांगली, २९ सप्टेंबर १९९७
आले एकदाची! रहिमतपूरची एसटी फुल्ल होती, पण मला खिडकी मिळाली. आजपासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथले प्रमुख सुमंत सर, त्यांना पत्ताच नाही की मी सौमित्रदादाची धाकटी बहीण. सासरचं आडनाव असं कामी आलं.

दादानं बनवलेली जेली डोळे भरून पाहिली. बशीत नारिंगी पट्टी. औषधी पाण्यात ठेवली की आपोआप फुगते, हिरवी होते, आक्रसते, पुन्हा फुगते. ना मोटर, ना वीज. दादाला तिचा सरपटणारा, मऊ यंत्रमानव करायचा होता. सरांनी सगळं स्वतःच्या नावानं छापलं, दादाला हाकललं. तो झुरून गेला. मेल्या चोरा, थांब तू!

१० ऑक्टोबर
खंडेनवमी. तात्याबा शिपायांनी साऱ्या उपकरणांना झेंडू वाहिला. जेलीच्या टोकाला सरांनी कुंकू लावलं. तात्याबा म्हणाले, ज्यानं कुंकू लावलं त्याचा जीव हत्यारात गुततो, लय जपावं लागतंय. सर हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१३ ऑक्टोबर
जेलीची चाल बदललीय. सर जिना चढून धापा टाकत आले, ती भराभर फुगू लागली. सरांना डुलकी लागली, ती संथ झाली. हळूच त्यांची नाडी पाहिली. अगं बाई, तोच ठेका!

१५ ऑक्टोबर
जेलीचं औषधी पाणी रोज बदलायचं असतं, आज मी बदललंच नाही. औषधाची शेवटची बाटली मोरीत ओतली. दुसरी बाटली मुंबईहून यायला महिना लागतो. दुपारी जेली मंदावली. सर छाती धरून खाली बसले. तात्याबा डॉक्टरला आणायला धावले, मी बघत उभी राहिले. दादा, बघ रे!

१६ ऑक्टोबर
सर गेले. जेलीही थांबली. मी पेढा खाल्ला. मग जुनं कुंकू पुसून माझ्या करंड्यातलं लावलं. घरची वस्तू घरी आली.

१७ ऑक्टोबर
जेली हलतेय. शिळ्या पाण्यात!
जिना चढून आले, तर भराभर—
नाही. उगाच काहीतरी.
नाडी पाहिली. तोच ठेका.

१८ ऑक्टोबर
कुंकू निघत नाही. घासलं, खरवडलं— कळ माझ्याच छातीत.
मुंबईला फोन केला. महिना, म्हणतात.

दुपारी
मंदावलीय. हात गार पडलेत. ती बाटली मीच, ह्या हातांनी मोरीत— दादा, मी तुझ्यासाठीच केलं रे, तिला सांग ना—
फुगली.
आता पुन्हा कधी—
फुगली.
आता