सात नंबरच्या गावाचा भोंगा

प्रिय दुआन,

तीन वर्षांत बापाची एक ओळ नाही आणि आज एकदम हे जाड पाकीट! घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, म्हैसही. तू पौर्णिमेच्या आत घरी यावंस एवढंच म्हणणं आहे. का, ते सांगतो. पण बावीस वर्षं गावाचा मुखिया राहिलेल्या माणसाला थोडक्यात कुठलं जमायला?

कापणी सुरू झालीय. ओढ्याखालच्या पाणथळीतला चिकट भात यंदा कमरेएवढा आलाय. वरच्या माळावर मात्र ऊस जाऊन साबुकंद आलाय, आणि शाळेमागचा तुकडा खारवटला तो खारवटलाच. काल आपल्या शेतात सावडीला पस्तीस माणसं होती, पाच नंबरच्या गावातलीसुद्धा. खामपन मावशी माझ्या शेजारी कापत होती. म्हणाली, "मुखिया, भात कापताय की दाढी करताय?" मी गप्प राहिलो, तर सगळे विळे थांबवून माझ्याकडेच बघायला लागले! आईनं नदीतले मासे भाजले होते. तुझ्या वाटचा मासा ती अजून वेगळा काढते, आणि शेवटी तो मलाच खावा लागतो.

आता त्या सकाळचं. सहाला भोंग्यावरून म्हशींच्या लसीची दवंडी दिली आणि बटण बंद केलं, असं मला वाटलं. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि वानलोपचं नाव काढलंस. मग माझं तोंड सुटलं. "त्या फटफट्या दुरुस्त करणाऱ्याशी लग्न? काळ्या नखांचा भिकारडा! आधी मला जाळ, मग काय ते कर!" आणि विहाराजवळच्या खांबावरून माझंच "जाळ, जाळ" परत आलं. अख्ख्या गावानं ऐकलं. ओढ्यापलीकडे, दुकानाच्या दारात, वानलोपनंही. तू चहा खाली ठेवलास आणि दहाच्या बसनं गेलीस.

तीन वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की बटणानं घात केला. खोटं आहे गं. बटणानं फक्त ऐकवलं, बोललो मीच. तो पोरगा सरळ आहे. तुम्ही लग्न केलंत ते मला खामपन मावशीकडून कळलं, तेव्हा म्हशीच्या गोठ्यात जाऊन रडलो.

माझ्या घशात गाठ निघालीय. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशन आहे. जिवाला धोका नाही म्हणतात, पण आवाज कायमचा जाणार. भोंगा आता उपमुखिया सांभाळतो. माफी इथंच लिहून मोकळा झालो असतो, पण शिव्या काही मी कागदावर दिल्या नव्हत्या. तुम्हा दोघांच्या समोर बसून, तोंडानं मागायची आहे. आवाज घोगरा झालाय, पण तेवढ्याला पुरेल. जोडीनं या.

तुझाच,
बाबा