उलट्या डायलचं घड्याळ

आई, मी एक जुनं घड्याळ घेतलंय. तू पहिल्यांदा काय विचारशील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. घरात घड्याळं आहेत, चालू आहेत, कुणाची वेळ चुकत नाही. हे भिंतीवरचं नाही आणि मनगटावरचंही नाही. खिशात ठेवायचं, वर कडी असलेलं, तुझ्याही जन्माआधीचं असेल इतकं जुनं. त्यासाठी कुठल्या दुकानात गेले नाही. इथे जळगावच्या घरात, मोबाईलवर, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ते मला दिसलं. मग तीन शिट्ट्या झाल्या की चार यात घोळ झाला आणि डाळ करपली. गणिताच्या बाईंची ही गत.

शोधत होते शाळेच्या स्टाफरूमसाठी भिंतीवरचं घड्याळ. या मोबाईलला एक विचारलं की तो दहा दाखवतो, त्यातलं हे एक. नव्या चपलांच्या किमतीत. विकणारा कुठला तरी उत्तरेकडचा, पण माणूस सरळ. त्याने स्वतःच लिहिलं होतं की डायल उलटं बसलेलं आहे, कडी आणि चावी बाराच्या आकड्यापाशी हवी ती सहापाशी आहे, म्हणून स्वस्तात देतोय. खाली चार जणांनी चेष्टा केली होती. मी फोटो बोटांनी मोठा केला. कडी वर, सहा वर, बारा तळाशी, मधोमध सेकंदाचा लांब काटा. मला एकटीला हसू आलं. ते उलटं नव्हतं. ते दवाखान्यातल्या सिस्टरचं होतं.

तुझं असंच होतं. पांढऱ्या साडीच्या डाव्या खांद्याखाली, पिनेला लटकलेलं. बाळंतपणाच्या खोलीत कोपरापर्यंत हात धुवायचे, मनगटावर काही चालत नाही, म्हणून घड्याळ छातीवर. समोरच्याला ते उलटं दिसायचं, पण तू मान खाली घालून ते उचललंस की तुझ्यापुरतं सरळ. आकड्यांकडे तू बघतही नव्हतीस, काटे कुठे आहेत तेवढं बघायचीस, चुलीकडे न बघता भाकरी उलटतात तसं. मी तापाने पडलेय, तू माझं मनगट धरून बसली आहेस, दुसऱ्या हातात घड्याळ, ओठ हलताहेत. मी काही बोलायला गेले की म्हणतेस, "गप, मोजतेय." मला वाटायचं ताप मोजून संपवतात.

घेण्याआधी आठवडाभर मी त्या घड्याळाचा पिच्छा पुरवला. स्वस्त म्हटलं की आपल्याला आधी शंका येते. वाचलं तेव्हा कळलं की ती शंका बरोबरच आहे. अशा घड्याळांत मशीन एकाचं, डबी दुसऱ्याची आणि डायल कालपरवा रंगवलेलं असतं. वर नाव मोठ्या परदेशी कंपनीचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मशीनवरचा नंबर मागवला, त्यावरून साल काढलं, डबीच्या आतले फोटो मागवले. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या लोकांच्या एका ग्रुपवर ते टाकले. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, "ताई, माल अस्सल आहे. नर्ससाठीच केलेलं. पण विकणाऱ्याला सांगू नका, भाव वाढवेल." मी नाही सांगितलं. डायलबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलटं असलं तरी चालेल म्हणाले आणि वर आणखी थोडं कमी करून घेतलं. शहाणपणाचा मलाच अभिमान वाटला.

पार्सल आलं, उघडलं. कडी वर, बारा वर, सहा खाली. सोबत त्याचा मेसेज होता: "मॅडम, आपके लिए डायल सीधा करवा दिया है. उसका कोई चार्ज नहीं." माणसाने मनापासून केलं होतं. मी लिहिलं, "छान दिसतंय." ते पाठवल्यावर कळलं, ते शब्द माझे नव्हते, तुझे होते.

तू नोकरीत होतीस तेव्हाची गोष्ट, माझी धुळ्याच्या शाळेत नवी नोकरी लागली होती. तुझं घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून तू ते साफ करायला माझ्याजवळ दिलंस. घड्याळजीने ते पाहिलं आणि म्हणाला, "हे कोणी उलटं बसवलं? सरळ करून देऊ?" मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला त्या उलट्या घड्याळाची लाज वाटायची. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की बघून हसायच्या. आता माझ्या पगारात आईची वस्तू नीट होणार होती. रविवारी मी आले तेव्हा तू कळण्याची भाकरी थापत होतीस. हात पुसलास, घड्याळ घेतलंस, बराच वेळ बघितलंस. खांद्याला लावलंस, उचलून पाहिलंस, सोडलंस. म्हणालीस, "छान दिसतंय." आणि पुन्हा परातीकडे वळलीस. मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते की आईला फार आवडलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तुझ्या हातून ती चूक झाली. दोंडाईच्यापलीकडे ज्या आरोग्य केंद्रात तुझी ड्युटी होती तिथे एक बाळंतपण झालं आणि तू जन्मवेळ तीन चाळीस लिहिलीस. बाळाच्या बापाने तीच वेळ पत्रिकेसाठी कागदावर घेतली. संध्याकाळी रजिस्टर बघताना डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बाळंतपणानंतरचं इंजेक्शन बाळंतपणाच्या आधी कसं?" ते इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरने दिलं होतं आणि तिने भिंतीवरचं घड्याळ बघून तीन पंधरा लिहिलं होतं. तिला विचारलं तेव्हा कळलं, मूल तीन दहाला झालं होतं. रजिस्टरमध्ये दुरुस्ती झाली, सही झाली, विषय संपला. तुझा संपला नाही. रविवारी तू मला म्हणालीस, "त्यांच्या गावाला जाऊन येऊ."

एसटी, मग पुढे पायी. दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातलेल्या, मला ठसका लागलेला, तू पुढे भराभरा. मी विचारते, अर्ध्या तासाने काय बिघडतं? आपल्या घरात बुद्धवंदना होते, पत्रिकेचा कागद कधी उंबऱ्याच्या आत आला नाही, मग तू कशाला ऊन खातेस? तू न थांबता म्हणतेस, "पत्रिका त्यासनी शे, टाइम मना शे." पत्रिका त्यांची, वेळ माझी; घरात तू माझ्याशी अशी अहिराणी फार कमी बोलायचीस.

बाळाची आजी ओट्यावर होती. तू उभ्या उभ्याच सांगितलंस, चूक मनी शे, तीन चाळीस नही, तीन दहा. एवढ्यासाठी तू आलीस याचंच म्हातारीला नवल वाटलं. मग म्हणाली, "इतलासा कामसाठे इतली दूर उनी का बाई? पोऱ्या चांगला शे ना, मंग बठ्ठं चांगलं शे. बठ, च्या पी ले." पोरगा चांगला तर सगळंच चांगलं, हा तिचा हिशोब. तू चहा प्यायलीस, पण कागदावरची वेळ तुझ्यासमोर खोडून घेतल्याशिवाय उठली नाहीस. परतीच्या गाडीत मी म्हणाले, "आई, वय झालं आता. चष्म्याचा नंबर काढून घे." तू खिडकीबाहेर बघत "बघते" म्हणालीस. त्या दिवसापासून तू ते घड्याळ लावलं नाहीस. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून बघायला लागलीस. रिटायर झालीस तेव्हा ते केंद्रातल्या आयाला देऊन टाकलंस आणि मी नीट करून दिलेलं घड्याळ परस्पर दिलं म्हणून मी तुझ्यावर रुसले. मावशीजवळसुद्धा म्हणाले, आईला आता घड्याळ नीट दिसत नाही.

परवा दुपारी, चार वाजून गेल्यावर, मी हे नवं-जुनं घड्याळ ड्रेसला पिनेने लावलं आणि तुझ्यासारखी मान खाली घालून उचललं. चार पन्नास. एवढा वेळ कसा झाला म्हणून मोबाईल बघितला, तर चार वीस. पुन्हा बघितलं. डायल लोकांसाठी सरळ झालं होतं, म्हणजे माझ्यासाठी उलटं. तास आपल्याला ठाऊकच असतो, मिनिटाचा काटा फसवतो. थोड्या वेळाने परत उचललं, पुन्हा तोच फरक. कधीही बघा, बरोबर अर्धा तास. तीन दहाचे तीन चाळीस. मला फार वाईट वाटलं, आई. हे एवढंच लिहिता येतं.

काल ते इथल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. म्हटलं, भाऊ, परत होतं तसं करून द्या. त्याने डोळ्याला भिंग लावलं, उघडलं. "ताई, डायलला मागे पाय असतात, त्यावर ते बसतं. याचे पाय कापून गोंदाने चिकटवलंय. आता काढलं तर तडा जाईल." मग बंद करून माझ्या हातात देत म्हणाला, "राहू द्या ना. छान तर दिसतंय." तुझ्याही घड्याळाचे पाय तेव्हा कापलेच असणार. म्हणजे ते परत पहिल्यासारखं करता आलंच नसतं; तू कुणा घड्याळजीला तसं विचारून आली होतीस की नाही, कोण जाणे.

विकणाऱ्याला मी पाच तारे दिले. त्याला काय माहीत. मीच सांगितलं नव्हतं. घड्याळ वेळ मात्र चोख दाखवतं, आणि मी ते आहे तसंच ठेवलंय.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा राहिलेलं एक लिहून टाकते. मी म्हणाले म्हणून तू त्याच आठवड्यात डोळे तपासून आली होतीस. डॉक्टरची चिठ्ठी तू माझ्यासमोर, ताटाशेजारी ठेवलीस. तिच्यावर लिहिलं होतं, नंबर तोच, चष्मा बदलायची गरज नाही. नंतर कधी विषय निघाला की मी म्हणायचे, चिठ्ठी वाचायची राहूनच गेली. नव्हती राहिली. मी ती वाचली होती, घडी घालून तुझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली होती, आणि भाजी वाढ म्हणाले होते.