अझवावच्या घराची पाळी

मी, अम्रान ऐत वआली, वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती व ऑलिव्हची झाडं, राहणार इघिल तझार्त, कबायली डोंगर, अल्जीरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री असावी म्हणून मी खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, वेड्याला असली शंका येत नाही." एवढ्याने भागतं की नाही मला ठाऊक नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथे नोंदवून ठेवतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. रक्तदाबाची गोळी आज घेतली आहे. शाळा मी तीनच वर्षं शिकलो, पुढे युद्धात ती बंद पडली. बाकीचं लिहिणं परदेशात कारखान्यात असताना संध्याकाळच्या वर्गात झालं. कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्याने अर्थ बघावा.

कलम पहिले. गेल्या ऑगस्टच्या आगीआधी लिहिलं असतं तर हे कलम लांबलं असतं. आता राहतं घर नाही. ऑलिव्हच्या घाण्याची खोली आहे, तिचं निम्मं छप्पर शिल्लक आहे, त्या निम्म्याखाली मी राहतो. दोन कुदळी आणि छाटणीची करवत राखेत सापडली. दांडे जळाले, लोखंड राहिलं. ही हत्यारं सुनेला द्यावीत. दांडे तिने बसवून घेतले आहेत. अंजिराचे दोन वाफे आणि वरचं शेत वारसाहक्काने ज्याचं त्याला जाईल, त्यात मला बोलायला जागा नाही.

कलम दुसरे. माझे दोन मुलगे. थोरला मजीद, मुक्काम ल्यों, फ्रान्स. धाकटा अझवाव, मयत. गावातले पुरुष ओकच्या हिरव्या फांद्या घेऊन आग झोडायला ओढ्यात उतरले, त्यांत तो होता. वारा फिरला. त्याला गावातल्याच मेझियानने पाठीवर घालून वर आणलं. हे मी इथे आधीच लिहितो, कारण मेझियानविषयी पुढे वाईट लिहायचं आहे.

त्या दिवसानंतर मी रडलो नाही. लोकांना ते खटकतं. आत शोधतो तर काही हाती लागत नाही. जेवतो, चालतो, कोणी विचारलं तर उत्तर देतो. याचा अर्थ बुद्धी गेली असा कोणी लावू नये, म्हणून लिहिलं.

कलम तिसरे. आमच्या धर्माप्रमाणे माणसाला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मनासारखं देता येतं. सून वारस नसते. तेव्हा पुढे वेगळं लिहिलं आहे ते सोडून तो सगळा तिसरा हिस्सा माझी सून जूहेर, अझवावची बायको, हिला. तिने पुढे लग्न केलं तरी तो परत घेऊ नये. करावं की नाही हे तिला कोणी विचारू नये.

मजीदचं म्हणणं वेगळं आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, ती तरुण आहे. मुलींना घेऊन माहेरी जाऊ दे. तुम्ही इकडे या."

"तिकडे येऊन काय करू?"

"बसा आरामात."

"बसायला मला इथेही येतं."

"छपराखाली बसा म्हणतो मी."

मजीद, तू वाईट नाहीस. दर रविवारी फोन करतोस. पण जूहेर एकदा माहेरी गेली की तिच्या मुली तिझिरी आणि मल्हा तिच्या माहेरच्या खोऱ्यातल्या होतील, आणि अझवावचं इथे थडग्याशिवाय काही राहणार नाही. जूहेरला जायचं नाही. तिने मला हे एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

कलम चौथे. झाड. मेझियानच्या खालच्या वावरात एक ऑलिव्ह आहे. माती त्याची, झाड माझं. आमच्याकडे हे चालतं. माझ्या आजाने वावर विकलं, झाड विकलं नाही. मेझियानचा बाप कपटी होता, त्याने बांध सरकवून झाडापर्यंतची वाट बुजवली, आणि तीस वर्षं आम्ही फळ काढायला काट्यांतून गेलो. झाड आगीत बुंध्यापर्यंत जळालं. या वसंतात मुळातून कोंब आले.

मेझियान म्हणाला, "दादा, झाड गेलं. आता माझ्या मातीत तुझं काय आहे?"

"मूळ."

"मूळ मातीत असतं."

"तुझी माती माझ्या मुळामुळे जागेवर आहे. पावसाळ्यात शेजारची बघ, कुठे गेली ती."

"तू मेल्यावर मी तिथे कोंबड्या पाळणार."

"पाळ. अंडी माझ्या सावलीत देतील."

तरी लिहून ठेवतो: तीन जाडे कोंब राखून बाकीचे छाटावेत. ते झाड माझ्या दोन्ही नातींचं, आणि फळ काढायला त्यांना वावरातून जाऊ द्यावं. काट्यांतून नव्हे.

कलम पाचवे. हे मुख्य आहे. वाचणारा दमला असेल तर त्याने थोडं थांबावं आणि मग हे वाचावं.

गाव घरं बांधतं आहे ते इर्जिकीने. प्रत्येक घरातून एक माणूस, एका वेळी एक घर, सगळ्यांचे हात. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, ही पाळी गावसभेने ठरवली. पाळी घराला मिळते, आणि घर म्हणजे कर्ता पुरुष. अझवावचं घर माझ्यापासून वेगळं झालं होतं, त्याची चूल वेगळी होती. तो गेल्यावर सभेने त्याचं घर माझ्यात धरलं आणि पाळी एकच ठेवली. मी गेलो की तीही जाणार. हे मला कळल्यापासून मी गल्लीच्या पायऱ्या उतरताना भिंत धरतो.

मेझियान यंदा गावप्रमुख आहे. मी त्याला म्हटलं, "ती जळालेल्या घराच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहते. वेगळी राहते."

"वेगळी राहते, पण पुरुष कुठे आहे?"

"कुठे आहे ते तुला माहीत आहे. तूच आणलास."

पण नियम त्याने बदलला नाही.

मग हिवाळ्यात बैल कापले. आगीनंतरचं पहिलं गावजेवण. मांसाचे वाटे चौकात मांडतात आणि घराघराच्या कर्त्याचं नाव पुकारतात. एरवी वाटे नेच्याच्या पानांवर मांडतात. यंदा नेचा नव्हता, मदतीच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरले होते. पुकारा अकलीचा. तो वर्षानुवर्षं तीच नावं त्याच क्रमाने घेत आला आहे. माझं नाव घेतलं, आणि सवयीने पुढचं घेतलं: "अझवावचं घर."

वाटाही मांडलेला होता. मांडणाऱ्यांनीही सवयीनेच मांडला असणार. कोणी हललं नाही. अकली खाली बघत राहिला. बायका चौकात येत नाहीत, त्या झऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्यातून जूहेर निघाली, चौक ओलांडून आली आणि तिने पुठ्ठ्यासकट वाटा उचलला.

मेझियान म्हणाला, "सूनबाई, चुकून नाव घेतलं. तुमचं अम्रानदादाच्या वाट्यात आलं."

"चुकलं नाही, काका. सकाळी धूर दोन ठिकाणी निघतो. बघत जा."

मागून कोणी म्हातारा म्हणाला, "पुकारलेला वाटा परत ठेवत नाहीत." दुसरा म्हणाला, "बाई चौकात आली, त्याचं काय?" आरडाओरडा झाला. मेझियान चिडला. म्हणाला, "चौकात आली, दंड भरेल."

अकलीने विचारलं, "कोणाच्या नावावर?"

मेझियान रागात होता. रागात त्याचा बापही विचार करत नसे. तो म्हणाला, "कोणाच्या म्हणजे? अझवावच्या घराच्या."

मी जूहेरजवळ गेलो आणि म्हटलं, "पोरी, आत्ताच्या आत्ता भर. त्याला विचार सुचायच्या आत." तिच्या पदरी पैसे नव्हते. झऱ्यापाशी उभ्या बायकांनी तिथल्या तिथे जमवले. अकलीने घेतले.

तेव्हा सभेला माझं म्हणणं असं: गाव दंड घराला करतं. जे घर नाही त्याला दंड करता येत नाही. ज्या घराने वाटा उचलला आणि दंड भरला ते घर गावात आहे. हे मी सभेत उभं राहून बोललो. वादावादीनंतर सभेने मान्य केलं, आणि अझवावच्या घराला सगळ्यांच्या शेवटची पाळी दिली. तोपर्यंत कौलं उरतात की नाही, माणसांचा उत्साह उरतो की नाही, सांगता येत नाही. तरुण आत्ताच शहराच्या गोष्टी करायला लागले आहेत.

म्हणून मी माझी पाळी जूहेरच्या घराला देतो. मेल्यावर नव्हे, आज. मेल्यावर दिली तर तुम्ही म्हणाल, पाळी त्याच्याबरोबर गेली. माझं घर शेवटी बांधा. नाही बांधलंत तरी तक्रार नाही, घाण्याची खोली मला पुरते. पण माझी जागा तिला द्या आणि तिची मला, हे सभेपुढे मोठ्याने वाचावं, आणि जो वाचेल त्याने घाईने वाचू नये.

कलम पाच अ. राहून गेलं ते. मदतीतून मला आलेला फ्रिज अकलीला द्यावा. नवी घोंगडी मशिदीला. मला अझवावच्या शेजारी पुरावं, डोक्याकडच्या बाजूला जागा आहे, मी मोजून आलो आहे. दफनाला भाषण नको. पुरणारे उपाशी परतू नयेत, जवाच्या कण्या आणि तेल जूहेर करेल, तिला तेल द्यावं.

साक्षीदार दोन लागतात. एक अकली. दुसऱ्यासाठी मी मुद्दाम मेझियानला बोलावलं, म्हणजे उद्या त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. कलम चारवर थांबला.

"इथे लिहिलंय, माझा बाप कपटी होता."

"होता."

"आणि याच्या खाली मी सही करू?"

"खाली जागा आहे."

तो कागद ठेवून उठला. मला वाटलं गेला. पण तो उतारावरून जूहेरच्या खोलीकडे गेला. इथून ते दोघे दिसत होते. तो हाताने जमिनीवर काही दाखवत होता, ती मान हलवत होती. तिने पायाने मातीत रेघ ओढली. त्याने ती पुसली. तिने पुन्हा ओढली.

परत आला तेव्हा त्याचे बूट राखेने भरले होते. म्हणाला, "नव्या घराचं दार पूर्वेला पाहिजे म्हणते. पूर्वेला उतार आहे. दोन दगडी पायऱ्या वाढतील, काम वाढेल. ऐकत नाही." मग पेन मागितलं.

वरील मजकूर मी शुद्धीत लिहिला, वाचून पाहिला, काही खोडलं नाही.

लिहून देणार: अम्रान ऐत वआली (सही)

साक्षीदार १: अकली उ-रझकी (सही)

साक्षीदार २: मेझियान ऐत हमूश, गावप्रमुख (सही). बापाविषयी लिहिलेलं मान्य नाही. बाकी मान्य.

मुक्काम इघिल तझार्त, घाण्याची खोली. तारीख १७ मार्च २०२२.